बिनदरवाजाचा किल्ला

सत्तावन्नाव्या वर्षी मी राणी झाले. राज्य जयपूरच्या जगतपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. एका बाजूला लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा आणि मध्ये लॅपटॉप. त्या लॅपटॉपवर हिरवंगार माळरान, एक नदी, थोडी झाडी आणि शेकोटीभोवती बसून माझ्या हुकमाची वाट बघणारी आठ माणसं. हुकूम काय द्यायचा ते मला माहीत नव्हतं. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढलेली बाई मी. मला फॉर्म भरता येतो आणि दुसऱ्याकडून भरून घेता येतो. किल्ला बांधायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

पण माझ्या नवऱ्याचा उजवा हात त्या किल्ल्यामुळे परत आला. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, मला कळतंय. सांगते.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना कंपनीने मला बढती दिली आणि जयपूरला धाडलं. हे तेव्हा नुकतेच बांधकाम खात्यातून रिटायर झाले होते, ओव्हरसियर म्हणून. म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या बदल्या तू निभावल्यास, आता मी तुझ्या मागून येतो." आले. आणि आल्या दिवसापासून जयपूरच्या बांधकामांवर देखरेख सुरू केली. पगार नसला म्हणून काय झालं? कुणाच्याही घरी गेलं की आधी भिंतीवर बोटाने टकटक करून बघायचे. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याची एक पायरी अर्ध्या इंचाने उंच आहे, हे त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला इतक्या वेळा सांगितलं की तो बिचारा लिफ्ट बंद असली तरी आमच्यासमोर जिना चढेना. आमेरच्या किल्ल्यात गाईड इतिहास सांगत होता आणि हे त्याला चुना मळायच्या घाण्याबद्दल विचारत होते. मी लांब जाऊन उभी राहिले, ओळख नसल्यासारखी.

दिवाळीत मात्र ह्या माणसाचं रूप पालटायचं. साताऱ्याच्या कॉलनीत दरवर्षी पोरांना जमवून हे अंगणात किल्ला करायचे. दगड, विटांचे तुकडे, पोती आणि वर माती. बुरूज, पायऱ्या, तळं, सगळं मापात. माती लिंपायचा त्यांचा उजवा हात काय सफाईने फिरायचा! अहळीव आणि मोहरी पेरायचं काम माझं. चार दिवसांत हिरवळ उगवायची, मग सैनिक मांडायचे, वरती महाराज बसवायचे आणि अगदी शेवटी पुठ्ठ्याचा रंगवलेला दरवाजा तटाला चिकटवायचा. जयपूरला आल्यावरही पहिल्या दिवाळीला बाल्कनीत किल्ला झालाच. शेजारच्या भाभी येऊन कौतुकाने बघत म्हणाल्या, "भाईसाहब, आपके यहाँ गोवर्धन इतना बड़ा बनाते हैं?" त्यांच्याकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेणाचा गोवर्धन डोंगर करतात. ह्यांनी त्यांना पाऊण तास उभं करून किल्ला समजावला. त्या परत फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात, सकाळी साडेसातला, ह्यांच्या हातातून चहाचा कप सुटला.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, जरा बघून!" माझं ते वाक्य मला अजून छळतं. बाहेर येऊन बघते तर हे फरशीवरच्या चहाकडे बघत बसलेले आणि उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शेजारच्या भाभींच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात वेळेवर पोचलो. दहा दिवसांनी घरी आलो तेव्हा तोंड सरळ होतं, बोलणं स्वच्छ होतं, पाय किंचित ओढत होता. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. उजवा हात तेवढा लुळा राहिला होता.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "अंकलजी, इस हाथ से काम लेते रहो. नहीं तो ये काम करना भूल जाएगा. ये कुछ महीने बहुत कीमती हैं." तिने रबरी चेंडू दिला दाबायला. हे इमानदारीने दाबायला लागले. बोटं थोडी मिटायची, थोडी नाही. पण करत होते.

मग नोव्हेंबर आला आणि हयातीचा दाखला द्यायची वेळ आली.

पेन्शन घेणाऱ्यांना हे माहीत आहे. दरवर्षी जाऊन दाखवायचं असतं की मी अजून जिवंत आहे. सी-स्कीम भागातल्या बँकेत आम्ही गेलो. काउंटरवरचा माणूस सज्जन होता. त्याने ह्यांचा लोंबता हात पाहिला, फॉर्म स्वतः भरला आणि निळं शाईचं पॅड पुढे सरकवलं. "कोई बात नहीं अंकल, अंगूठा लगा दो."

ह्यांनी डावा अंगठा पुढे केला. त्या माणसाने तो धरला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला आणि फडक्याने पुसूनही दिला. अगदी मायेने केलं हो त्याने सगळं! पण माझ्या नवऱ्याचा चेहरा मी बघितला. मोजमाप-पुस्तकाच्या पानापानावर ज्याची झोकदार सही असायची, ज्याची सही झाल्याशिवाय पूल पुढे सरकायचा नाही, तो माणूस आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघत होता. आणि मला आठवलं, चौतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून हेच वाक्य म्हणत आलेय. "काही हरकत नाही आजोबा, अंगठा द्या." एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. लाज वाटली मला, खरंच सांगते.

फॉर्मवर छापलेलं होतं की सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर झाली आणि ती जिवंत आहे. मी मनात म्हटलं, हजर आहे एवढंच खरं.

घरी आल्यावर त्यांनी साबणाने तीन वेळा अंगठा धुतला. त्या दिवसापासून चेंडू ड्रॉवरमध्ये गेला. उजवा हात शालीच्या आत गेला. जयपूरची थंडी तर निमित्तालाच टपलेली असते. फिजिओवाली यायची तेव्हा हात तिच्या हवाली करायचे, दुकानात पिशवी द्यावी तसा, आणि ती गेली की परत शालीत. जेवण डाव्या हाताने चमच्याने. काही म्हटलं की एकच उत्तर, "होईल तेव्हा होईल." मी समजावलं, रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा तर त्यांना आनंदच झाला असावा, कारण तेही बोलत नव्हते. दर आठवड्याला फिजिओवालीचं तोंड जास्त गंभीर व्हायचं.

आमच्या वरच्या मजल्यावर अकोल्याची एक मुलगी राहते, इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. रविवारी आमच्याकडे वरणभात खायला येते. "काकू, इथे दालमध्ये गूळच नाही टाकत ना," असं म्हणत तीन वाट्या वरण पिते. तिने एकदा जेवताना ह्यांच्या शालीकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "काकू, काकांना गेम देऊन पाहू का? माऊस चालवायला बोटं लागतातच. माझ्याकडे किल्ले बांधायचा एक गेम आहे. काकांना किल्ल्यांचं वेड आहेच."

मी म्हटलं, दे. मला तेव्हा कुणी मांत्रिकाचा पत्ता दिला असता तरी मी गेले असते.

ती जुना लॅपटॉप घेऊन आली, टेबलावर मांडला, माऊस लावला. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मी काय लहान आहे का?" म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला, डाव्या हाताने. मुलीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. कुणाचं मन राखायचं म्हणून तरी माणसाने पाच मिनिटं बसावं की नाही?

"नाही ना खेळत? नका खेळू," मी म्हटलं. "मी खेळते. शिकव गं मला."

पुढे सगळ्यांना वाटलं की मी मोठी युक्ती केली. कसली युक्ती? निव्वळ राग होता.

मुलीने मला गेमची बाराखडी शिकवली. मधोमध तुमचा बालेकिल्ला. त्याच्याजवळ वखार, म्हणजे लाकूड आणि दगड ठेवायची जागा. एक कोठार धान्याचं. मग झाडीजवळ लाकूडतोड्याची झोपडी, डोंगराजवळ दगडाची खाण, नदीकाठी शेत. शेकोटीजवळ बसलेली माणसं आपणहून एकेक काम उचलतात. लाकूडतोड्या झाड तोडून लाकूड वखारीत आणतो, शेतकरी गहू आणतो, गिरणीवाला दळतो, पाववाला पाव भाजून कोठारात टाकतो. लोकांना पोटभर मिळालं की लोक खूश, उपाशी राहिले की नाराज. फार नाराज झाले की राज्य गेलं. डावं बटण दाबलं की वस्तू जागेवर बसते, उजवं दाबलं की रद्द. "आणि काकू, भिंत सगळ्यात शेवटी बांधायची," ती म्हणाली. "आधी पोटाचं बघायचं. शत्रू उशिरा येतात."

मी सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. विम्यातल्या बाईला कुणी सांगतंय की संरक्षण शेवटी घ्या! अगं, जन्मभर मी लोकांना हेच पटवत आले, की संकट सांगून येत नाही. शिवाय किल्ला म्हटलं की तट आधी, हे मी अंगणात पंचवीस दिवाळ्या पाहिलेलं. मुलगी मान हलवत म्हणाली, "काय करून राहिल्या काकू तुम्ही!" पण दुसऱ्याच दिवशी ती मावसबहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस अकोल्याला गेली आणि मी राज्याला मोकळी झाले.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा घेऊन तासभर बसायचं, मग कुकर लावायचा. मला तर चटकच लागली. माझा माऊस सुरुवातीला कुठेही पळायचा. गिरणी एकदा नदीच्या काठावर बसवायच्या ऐवजी बालेकिल्ल्याला खेटून बसली. पण तट! तट मी असा बांधला की ज्याचं नाव ते. चौकोनी, उंच, चार कोपऱ्यांना चार बुरूज, कुठे फट नाही. सगळा दगड त्यात घातला. मग मागे टेकून कौतुकाने बघितलं आणि ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जमला की हो!" पेपरामागून फक्त घसा खाकरल्याचा आवाज आला.

आणि मग माझ्या राज्यात दुष्काळ पडला.

काही कळेना. शेतात गहू डोलत होता. लाकूडतोडे झाडं तोडत होते. पण कोठार रिकामं, वखार रिकामी. गेममध्ये एक कारभारी आहे, तो इंग्रजीत सारखा बजावायचा की धान्य संपत आलंय, लोक भुकेले आहेत. "मला दिसतंय ना!" मी त्याच्यावर ओरडायचे. मी आणखी शेतं लावली. तरी कोठार रिकामं. लोक माझ्यावर नाराज झाले, राज्य गेलं. मी पुन्हा मांडलं, पहिल्यापासून. पुन्हा आधी तट, पुन्हा दुष्काळ. अशी तीन राज्यं मी बुडवली. ऑफिसात कुणी विचारलं, "मॅडम, तबीयत ठीक है?" आता त्याला काय सांगू, की माझी प्रजा उपाशी आहे?

एक गोष्ट तेवढी माझ्या लक्षात आली होती. मी खेळायला बसले की पेपराचं पान उलटत नसे.

संक्रांत आली. इथे संक्रांतीला सुट्टी असते आणि सगळं जयपूर गच्चीवर. सकाळपासून पतंग, भोंगे आणि "वो काटा!" अशा आरोळ्या. मी तिळाचे लाडू केले, ह्यांना एक दिला, पाया पडले. तोंडाने गोड बोलायचा दिवस, म्हणून दोघंही गप्प होतो. दुपारी फिजिओवालीचा फोन आला. सण म्हणून तिने शुभेच्छा दिल्या आणि मग म्हणाली, "आंटीजी, अंकल अगर खुद कोशिश नहीं करेंगे तो मैं कितना कर पाऊँगी? उँगलियाँ अकड़ने लगी हैं." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांना काही सांगितलं नाही. हे टेबलापाशी, माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसून चमच्याने लाडवाचा चुरा खात होते. मी लॅपटॉप उघडला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

चौथं राज्य. ह्या वेळी मी एक पाववाला नेमला होता. पांढऱ्या टोपीतला बुटका माणूस, भट्टीपुढे उभा राहायचा. पीठच येत नव्हतं, तर तो करणार काय? नुसता उभा होता. हाताशी काम नाही, हात नुसते लोंबकळत ठेवलेले. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला एकदम हुंदका फुटला. वयस्क बाई, चांगल्या हुद्द्यावरची, एका कार्टूनसारख्या पाववाल्यासाठी ढसाढसा रडत होते. बाहेर पोरं ओरडत होती, "वो काटा!"

"दरवाजा कुठाय?"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"अगं, दरवाजा कुठाय तुझ्या किल्ल्याला?" हे म्हणाले. "चारी बाजूंनी बंद करून ठेवलंयस. तो गहू कोठारात येणार कुठनं, आभाळातनं?"

मी डोळे पुसून पडद्याकडे बघितलं. तटाच्या बाहेर, माझ्या त्या सुंदर भिंतीला लागून, शेतकरी पाठीवर गव्हाची पोती घेऊन उभे होते. एक नाही, पाच-सहा. भिंतीपाशी यायचे, थांबायचे, परत फिरायचे. पंधरा दिवस मी त्यांच्या डोक्यावरून बघत होते.

"दरवाजा शेवटी असतो ना," मी म्हटलं. "आपण शेवटीच चिकटवतो."

"तो पुठ्ठ्याचा असतो!"

मला हसावं की रडावं कळेना. दरवाजा शोधला, माऊसला लावला आणि पश्चिमेच्या तटावर आणला.

"तिथे नको! तिथे उतार आहे!"

"मग कुठे?"

"अगं शेतासमोर, शेतासमोर! डावीकडे... तुझ्या डावीकडे... अरे देवा, ती खाण आहे! सरक!"

आणि त्यांनी माझ्या हातातून माऊस ओढून घेतला.

शाल खांद्यावरून घसरून खुर्चीमागे पडली. मी बघितलं. उजवा हात होता. माझ्यासमोरून आडवा आलेला, माऊसवर पडलेला, उजवा हात. चिडले की तोच हात पुढे यायचा त्यांचा, साइटवर सगळ्या गवंड्यांना ठाऊक होतं ते. मी हळूच उठले आणि माझी खुर्ची त्यांना दिली. त्यांना त्याचं भानही नव्हतं.

पडद्यावर दरवाजा थरथरत होता. हात थरथरेल तसा. तटावरून सरकायचा, झाडीत जायचा, परत यायचा. कसाबसा शेतासमोर आला. आता डावं बटण दाबायचं. तर्जनी हलेना. मधलं बोट पडलं उजव्या बटणावर आणि दरवाजा रद्द.

"ह्यॅ!" त्यांनी परत घेतला. परत आणला. परत मधलं बोट. परत रद्द.

मी शेजारी उभी. सांगते, आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. एक बोट पुढे करून मी ते बटण दाबू शकले असते. माझा हात निघालाही होता. मग मी खुर्ची ओढली, बसले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घातले. हातांवर बसून राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. मला ओळखणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

तिसऱ्यांदा दरवाजा रद्द झाला तेव्हा ते थांबले. कपाळावर घाम होता, जानेवारीत. मला वाटलं, संपलं. आता शाल उचलणार. त्यांनी डाव्या हाताने मधलं बोट वर उचलून धरलं, वाट अडवणाऱ्याला बाजूला करावं तसं, आणि तर्जनीकडे बघून साइटवरच्या आवाजात म्हणाले, "चल की रे."

टक्.

दगडी आवाज झाला आणि दरवाजा तटात बसला. एक क्षण काहीच नाही. मग पहिला शेतकरी पोतं घेऊन आत शिरला. त्याच्यामागून दुसरा. गिरणी फिरायला लागली. थोड्या वेळाने पाववाल्याच्या भट्टीतून धूर निघाला आणि तो बुटका टोपीवाला दोन्ही हातांत पाव घेऊन कोठाराकडे चालायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खणकन आवाज आला असेल त्याचा.

हे हाताकडे बघत होते. माऊसवरच होता अजून. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "लाडू दे एक." मी ताटलीतला उचलून पुढे केला. तो त्यांनी उजव्या हाताने घेतला. अर्धा फुटून खाली पडला, अर्धा तोंडापर्यंत पोचला. मी फरशी पुसायला वाकले ती बराच वेळ उठले नाही. खाली बसून पोटभर रडून घेतलं. ह्या रडण्यात दुःख नव्हतं. इतक्या दिवसांचं ओझं कुणी डोक्यावरून उतरवून घेतलं की मान कशी एकदम हलकी होते, तसं वाटत होतं.

त्यानंतर राज्य माझ्याकडून गेलं ते गेलंच. सकाळी मी ऑफिसला निघाले की हे दरबारात. अकोल्याची मुलगी परत आली आणि बघते तर काका तिलाच सांगायला लागले, की ह्या गेममधल्या बुरुजांचं प्रमाण चुकलंय, कंपनीला कळवलं पाहिजे. फिजिओवालीने बोटं तपासली, मग माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन उगाच हसलो. चेंडू ड्रॉवरमधून बाहेर आला. फेब्रुवारीत शर्टाचं एक बटण, मार्चमध्ये सगळी. पूर्ण पूर्वीसारखा हात झाला नाही, खोटं कशाला सांगू? पण कामाला लागला.

एकदा मी विचारलं, "दरवाजा नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी?" माझा आवाज चढला. "आणि पंधरा दिवस गंमत बघत बसलात? माझी तीन राज्यं उपाशी मेली!"

"मला वाटलं मुद्दाम करतेयस," ते म्हणाले. "मला उठवायला. एवढा ढळढळीत दरवाजा कुणी विसरेल का? म्हटलं, मी पण नाही उठणार. बघू कोण हरतं."

"मग उठलात का?"

"तू खरंच रडायला लागलीस." आणि मग माझ्याकडे न बघता, "खरंच कळलेलं नाही म्हटल्यावर सांगायला नको?"

म्हणजे माझ्या अक्कलहुशारीने नाही, माझ्या बावळटपणाने हात परत आला. असो. येऊ दे कशानेही.

मग पुन्हा नोव्हेंबर. तीच बँक, तोच काउंटर आणि तोच सज्जन माणूस. त्याने ह्यांना ओळखलं. तब्येत विचारली, फॉर्म भरला आणि आपणहून निळं पॅड पुढे सरकवलं.

ह्यांनी उजव्या हाताने ते पॅड परत त्याच्याकडे सरकवलं. खिशातून पेन काढलं.

"अंकल, अंगूठा भी चलेगा," तो म्हणाला. "आराम से हो जाएगा."

"सही करूँगा," हे म्हणाले.

मागे रांग होती. कुणीतरी "भैया, कितना टाइम" म्हणालं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच अडकलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझे दोन्ही हात आपोआप मांडीखाली गेले. पहिलं अक्षर झालं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. आडनावापर्यंत पोचेतो ओळ वर चढत गेली आणि शेवटचं वळण चौकटीबाहेर पार शिक्क्याच्या जागेत गेलं. जुन्या झोकदार सहीशी त्याचं काहीही साम्य नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने कागद फिरवून घेतला, जुन्या सहीशी ताडून बघितला. मग ह्यांच्याकडे बघितलं. पॅडचं झाकण लावून त्याने ते खणात टाकलं, नव्या सहीचा एक फॉर्म काढला आणि म्हणाला, "अंकल, इस पर भी दो कर दीजिए. अब से यही चलेगी."

अजून दोन! ह्यांनी केल्या.

दाखल्याची प्रत माझ्या हातात आली. सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर झाली आणि ती जिवंत आहे. त्याच्या खाली ती वेडीवाकडी सही. मी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या फॉर्मवर माझा पूर्ण विश्वास बसला.